गाऱ्हाण्यातलं नाव

मार्गशीर्षातल्या त्या सकाळचा वास अजून नाकात आहे: दंवाने भिजलेल्या, कापणी होऊन गेलेल्या मळ्यांचा, नुकत्याच सारवलेल्या खळ्यांचा, आणि त्या दोहोंवर कुरघोडी करणारा मामाच्या मोटारीतल्या पेट्रोलचा. आम्ही मालवणची माणसं. आमच्या घरात प्रवास म्हणजे पाण्यावरचा. समुद्राकडे पाठ करून आत, डोंगराकडे निघण्याची हौस कुणालाच नव्हती. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मामा कुडाळ-मालवण रस्त्यावर उतारू नेत असे. त्याची म्हातारी मोटार चढावर कुरकुरायची आणि उतारावर कुणाचं ऐकायची नाही, तरी तो तिला लाडाने 'बाय' म्हणायचा. पुढे मामा आणि बाबा, मागे आई, मी म्हणजे मालू, आणि धाकटी सुमन. दाजीपूरचं गव्यांचं राखीव रान बघायचं आणि मग कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, असं आम्हां मुलींना सांगितलं होतं.

खरं कारण मलाही ठाऊक होतं. आमचा थोरला भाऊ, मोहनदादा, कौलं भरलेल्या गलबतावर मुंबईला निघाला होता आणि ते गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही. तीन पावसाळे उलटले, पण त्याची एक फळीसुद्धा कुठे मिळाली नाही. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. कोल्हापुरात नदीकाठी तो विधी करायचा असं बाबांनी ठरवलं होतं. "पोर खंय भटकता कोण जाणा, त्येका वाट मिळाक व्हयी," एवढंच ते म्हणाले. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. ती रोज दादाचं ताट वाढत होती, आणि ते वाढलेलं ताट तसंच उचलताना बाबांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

धामापूरला तिने मोटार थांबवायला लावली. भगवतीला हात जोडून झाल्यावर ती तळ्याच्या काठी कितीतरी वेळ उभी राहिली. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून पलीकडची झाडं उगाचच दूर गेल्यासारखी वाटत होती. "ह्यां पाणी बरां," ती म्हणाली. "खंय जाणा नाय." मग कुडाळ गेलं, कणकवली गेली. फोंड्याच्या बाजारात घाटावरून उतरलेल्या गुळाचा आणि मिरच्यांचा वास आला, तेव्हा आता कोकण संपत आलं हे आम्हांला कळलं.

घाट सुरू होतो तिथे झाडाखाली वाटेच्या देवाचं ठिकाण होतं. तिथे थांबून गाऱ्हाणं घातल्याशिवाय मामा कधी घाट चढत नसे. जाताना गाऱ्हाणं घालायचं, सांभाळून ने आणि परत आण म्हणून मागायचं, आणि सगळी परत आली की उतराईचा नारळ फोडायचा, हा त्याचा शिरस्ता. गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यावा लागतो. त्यावाचून ते देवापर्यंत पोचत नाही. मामाने टोपी सारखी केली आणि एरवी थट्टेखोर असलेला त्याचा आवाज एकदम गंभीर झाला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां घाट चढतत..."

"व्हय म्हाराजा!"

"माझी भयण, तिचो घोव, मालू, सुमन, मोहन, ह्या सगळ्यांका सुखान ने आणि सुखान परत हाड..."

वर्षानुवर्षं घरातलं कुणीही बाहेर पडलं तरी मामा हीच नावं ह्याच ओळीने घेत आला होता. त्याची जीभ सवयीने पुढे गेली आणि मग त्याचं त्यालाच कळलं. झाडावरून दंव ठिबकत होतं, तेवढाच काय तो आवाज. बाबांची मान खाली होती.

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली. इतका स्वच्छ, इतका ठाम आवाज मी तिच्या तोंडून तीन वर्षांत ऐकला नव्हता. मग मी म्हणाले, सुमन म्हणाली. आम्ही सगळी बाबांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांचे ओठ हलले.

घाट चढताना सुमनने कानाशी येऊन विचारलं, "गो, दादा खंय बसलो?" मी उत्तर द्यायच्या आत आई खिडकीकडे सरकली आणि आमच्यामध्ये हातभर जागा मोकळी झाली. दाजीपूरच्या रानात धुकं इतकं दाट होतं की मामा बायला पावलापावलाने नेत होता. एका वळणावर गवे उभे होते, काळेभोर, पांढऱ्या पायांचे. ते हलले नाहीत. मोटारीत किती माणसं आहेत हे मोजत असल्यासारखे ते आमच्याकडे बघत होते, आणि मला भीती वाटली ती गव्यांची नव्हती. त्या मोकळ्या जागेकडे वळून बघायचं धैर्य मला झालं नाही.

कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी सगळी सिद्धता झाली होती. भटजींनी पानं मांडली, बाबा पाटावर बसले, आणि संकल्पाचं पाणी हातावर घेऊन तसेच थांबले. मग उठले.

"सुखान परत हाड म्हणान काल देवाक सांगलंय," ते मामाला म्हणाले. "आता खंयच्या तोंडान आगीत घालू?"

भटजींनी समजावून पाहिलं. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि ते पायऱ्या चढून आले. मला आनंद झाला, आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

परतताना घाट उतरल्यावर मामाने त्या झाडाखाली मोटार उभी केली. ऊन पडलं होतं. पिशवीतून नारळ काढून तो दगडापाशी गेला आणि तिथेच घुटमळला. आई खाली उतरली नाही.

"ठेव तो," ती आतूनच म्हणाली. "सगळी खंय इलीत अजून?"

मामा नारळ घेऊन परत आला. बाबा पुढेच बसले होते. वळून न बघता त्यांनी हळूच विचारलं, "आणि तो नायच इलो तर?"

"तर मगे आपण पण अजून वाटेरच आसव," आई म्हणाली.

तिन्हीसांजेला समुद्राचा आवाज आला. मामाने मोटार दारात उभी केली, बाबांनी कुलूप काढलं आणि आम्ही एकामागून एक आत गेलो. आज आई नाही, बाबा नाहीत, मामाही नाही. तरी त्या दिवशी आम्ही घरी पोचलो होतो का, असं कुणी विचारलं, तर मला नीटसं सांगता येणार नाही.