पोरगी खपली

केवळाबाईच्या गावात कुणी दार वाजवत नाही. अंगणातूनच हाक देतात, नाहीतर सरळ चुलीपर्यंत येतात. त्यामुळे तव्यावर दुसरी भाकरी पडली अन् दार वाजलं, तेव्हा पिठाचे हात तसेच धरून ती नातीला म्हणाली, "पुनम, बघ गं. परकं माणूस हाय."

दारात सृष्टी उभी होती. दोन वर्षांमागं उन्हाळ्यात कॅमेरा घेऊन आठ दिवस राहिलेल्या राजशेखरच्या हाताखालची पोरगी. माहितीपट तयार झाला होता. आता लातूरला तीन दिवस महोत्सव होता अन् रविवारी त्यात तो दाखवणार होते. "आजी, तुम्हाला यायचंच आहे. सत्कार आहे तुमचा," असं म्हणून तिनं दोन पास पुढे केले. केवळाबाईनं तिला भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. सृष्टी मान खाली घालून जेवली. काहीतरी बोलायचं राहिल्यासारखी दारात घोटाळली, अन् गेली.

निलंग्याकडच्या ह्या गावात केवळाबाई सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली. शहाऐंशीच्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडली. नवरा गेल्यावर बावीस वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. आता साठी उलटली, तरी विहिरीवरच्या भांडणात तिचाच निवाडा चालतो. शेजारची शांतम्मा पास बघून म्हणाली, "हिरोइन झालीस की गं. आता आमच्या चुलीचा चहा चालंल का तुला?"

"चालंल की. पण साखर जरा हात सोडून टाकत जा."

असं हसतखेळत ती रविवारी पुनमसोबत एस.टी.नं लातूरला पोचली. सभागृह थंडगार होतं. त्यांच्या आधी एक लघुपट झाला. त्यात एक म्हातारा खिडकीपाशी चहाचा कप घेऊन बसला होता, बसलाच होता. "निवला असंल त्याचा चहा," केवळाबाई कुजबुजली, तशी पुढच्या रांगेतली दोन माणसं वळून हसली. मग तिचं गाव पडद्यावर आलं. तिची चूल, तिची म्हैस. आणि मग ती स्वतः, उंबऱ्यात बसलेली. राजशेखरचा आवाज विचारत होता, "आजी, दुष्काळात काय काय गेलं?"

पडद्यावरची केवळाबाई म्हणाली, "आधी बैल इकले. मग पोरगी खपली."

तिथंच चित्र तुटलं अन् कोरडी विहीर आली. केवळाबाई वाट बघत राहिली. त्या दिवशी ती पुढं पाऊण तास बोलली होती. दीड वर्षाची उज्ज्वला, तिचा ताप, कडेवर घेऊन निलंग्यापर्यंत केलेली पायपीट, स्टँडवरच्या बाकावर लेकराचं गार पडत गेलेलं अंग. चाळीस वर्षांत एवढं कुणापाशी बोलली नव्हती. त्यातलं पडद्यावर काहीच आलं नाही. विहिरीनंतर ढग आले, ढगानंतर नावं.

शेजारी पुनम ताठ बसली होती. पडद्याखालचं इंग्रजी तिनं वाचलं होतं.

टाळ्या झाल्या. केवळाबाईला वर बोलावून शाल दिली, नारळ दिला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी माइक घेतला आणि हळव्या आवाजात हिंदीत विचारलं, "माँजी, जिस बेटी को बेचना पड़ा, वो फिर कभी मिली?"

केवळाबाईला हिंदी कळत होती. निजामाच्या काळापासून ह्या मुलखात ती सगळ्यांनाच कळते. तरी तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मागून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "अवो बाई, खपली म्हणजे वारली. पोरगी मेली त्यांची." सभागृहात कुजबुज झाली. राजशेखरनं माइक घेतला आणि म्हणाला, "भाषेच्या अशा अनेक छटा आहेत, त्यावर आपण चहाच्या वेळी बोलू." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी, ते केवळाबाईला कळलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तिनं नातीला विचारलं, "खाली काय लिवलं होतं?"

"आजी, जाऊ दे ना."

"लिवलं काय होतं?"

"बैल विकले, मग मुलगी विकली," पुनम म्हणाली.

उज्ज्वलाचा एक फोटो नाही. जन्माचा दाखला नाही, मेल्याचा नाही. ती होती हे सांगणारा नवराही राहिला नाही. जगात तिची एवढी एकच नोंद झाली होती, अन् त्यात आईनं तिला विकली होती.

राजशेखर आला. त्याचे आजोबा उदगीरचे, तो वाढला पुण्यात. तिच्या पाया पडून म्हणाला, "आजी, चूक झाली. मराठी मलाही येते, पण हा शब्द माल खपतो, तसा वाटला. त्यात आधी बैल विकल्याचं होतं. तुम्ही पुढं बोलत होता, तेव्हा मी फोनवर बाहेर होतो, आणि नंतर ते बघितलंच नाही."

"कवा कळलं तुला?"

मागं उभी सृष्टी म्हणाली, "मी श्रावणात खालच्या ओळी वाचल्या, तेव्हाच सांगितलं होतं सरांना. आमच्याकडं पण खपली म्हणतात."

"तोवर माहितीपट चार महोत्सवांत जाऊन आला होता, आजी," राजशेखर म्हणाला. "दोन ठिकाणी बक्षीस मिळालं, ते त्या वाक्यावरच. आता बदललं तर लोक म्हणतील, बाकीचंही खोटं असेल. आणि बघा ना, तुमचं दुःख तर खरंच आहे. किती लोकांपर्यंत पोचलं."

"माझं कुठं पोचलं? कुण्या दुसऱ्याच बाईचं पोचलं."

"पुढच्या फिल्ममध्ये तुमची सगळी मुलाखत घेतो. शब्द देतो."

"तुझा शब्द बघितला की आता," पुनम म्हणाली. केवळाबाईनं तिचा हात दाबला.

तिला ओरडायचं नव्हतं. ह्या पोराला तिनं आठ दिवस आपल्या ताटात जेवू घातलं होतं. दही आवडतं म्हणून म्हशीचं दूध विरजून ठेवलं होतं. ते आठवून तिला राग यायच्या ऐवजी लाज वाटली, अन् लाज आपल्याला का वाटावी, ह्याचाच मग राग आला. पदर सारखा करून ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मला शाल नको, नवी मुलाखत नको. खाली 'विकली' लिवलंय, तिथं 'मेली' लिव. तेवढं एक कर."