टाचेचा खळगा

रोपांवर प्रयोग करणाऱ्या केंद्राच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या खोलीत मावशी मुळं धूत. उपटून आणलेलं झाड टाकीत भिजवायचं, माती सुटली की चाळणीवर बारीक धारेखाली एकेक केसाएवढं मूळ बोटांनी मोकळं करायचं. मग ती भट्टीत वाळत, त्यांचं वजन होई आणि शेवटी तपासणीसाठी दळून पीठ.

भट्टीवाला म्हणे, "मावशी, एवढ्या मायेनं पोरांनाही न्हाऊ घातलं नसेल तुम्ही."

"पोरं लाथा मारायची. ही गरीब आहेत."

काचघरं दोन होती. एकात साधी हवा. दुसऱ्यात नळीतून जादा कार्बन वायू सोडलेला, कारण पुढंमागं सगळीकडेच हवा अशी होणार. दोन्हीकडची झाडं मावशींच्या नवऱ्यानं लावलेली. तो तिथला माळी. उजवा पाय अधू, म्हणून रोपाभोवतीची माती डाव्या टाचेनं दाबायचा, सगळा भार देऊन, दणदण. तो गेला, झाडं वाढत राहिली. टाकीवर वाकल्या की मावशींना पाठीमागं ती टाच ऐकू येई. वळून बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

यंदा त्याची शेवटची दोन झाडं निघाली. साध्या हवेतल्याची माती सुटली आणि मावशींचा हात थांबला. मुळांच्या जुडग्यात एका बाजूला खळगा होता. दाबलेल्या मातीत मुळं शिरलीच नव्हती, तिला वळसा घालून गेली होती. मावशींनी त्यात मूठ ठेवली. बरोबर बसली.

"मॅडम, हे भट्टीत नाही टाकलं तर?"

प्रयोग सांभाळणारी मॅडम वयानं लहान, पण समजूतदार. ती खळग्याकडे बघत राहिली. "मग याचं वजन मिळणार नाही, त्यांनी लावलेल्या झाडांचा हिशोबच लागणार नाही, मावशी. फोटो काढून देऊ?"

"फोटोत हात कुठं घालू?"

दुसरं झाड आहे अजून, मावशींनी मनाशी म्हटलं. टाच तीच. आणि त्यांनी आपल्या हातानं ते जुडगं भट्टीच्या ट्रेमध्ये ठेवलं.

जादा वायूतल्या झाडाची मुळं टाकीत मावेनात. मावशींनी डावीकडून चाचपलं, मग उजवीकडून. खळगा नव्हता. दाबलेलं ढेकूळ मुळांनी आरपार फोडलं होतं.

"पाला भराभर वाढला ना," मॅडम हलक्या आवाजात म्हणाली. "वर पोट भरलं, पण तेवढ्या वाढीला पाणी, खत पुरेना. मग मुळं वाट फोडत सुटतात. आडवं काही आलं तरी."

"माणूस आला तरी?"



भट्टीवाला ट्रे घेऊन दाराशी आला. "झालं का, मावशी? पाणी कधीचं स्वच्छ येतंय."

"थांब जरा," मावशी म्हणाल्या. त्यांची बोटं मुळांत खोल गेली होती. "अजून सापडायचंय."