थोरलीचा अर्धा फेरा

मेस्त्रींनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती ट्रकवरून उतरत होती, आणि तिला उतरवायला अर्धा जिल्हा गोळा झाला होता. पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, वाटेतल्या विजेच्या तारा बांबूंनी उचलून धरलेल्या, आणि एका वळणावर तर कुणाच्या कुंपणाची भिंत पाडून, तिला पुढे काढून, भिंत पुन्हा बांधून दिलेली. एवढा मान त्या गावात पूर्वी कुणाला मिळाला नव्हता, नंतरही नाही. मेस्त्री तेव्हा मेस्त्री नव्हते. नुसते शिकाऊ उमेदवार होते, आणि इतके काडीसारखे की वारा सुटला की खांब धरून उभे राहत. ताडपत्री सरकली, खालून तिची हिरवीगार पाठ दिसली, आणि त्यांच्या हातातला पाना सुटला तो थेट हेडमेस्त्रींच्या पायावर. हेडमेस्त्रींनी तोंडातून जे काढलं ते शेजारच्या देशात ऐकू गेलं म्हणतात. मेस्त्रींना ऐकू आलं नाही. त्यानंतर ते तीन दिवस जेवले नाहीत, असं त्यांची आई सांगे. अर्थात आईच्या लेखी ते कधीच जेवत नसत.

ती म्हणजे गॅसचा कॉम्प्रेसर. आपल्या जमिनीतून निघालेला गॅस नळीतून लांब जायचा तर वाटेत त्याला दम लागतो. तिने त्याला मागून रेटा द्यायचा, म्हणजे तो डोंगर ओलांडून शेजारच्या देशात उतरतो आणि तिकडच्या चुली, काचेच्या भट्ट्या आणि थंडीतली घरं पेटती राहतात.

वर्षभराने मेस्त्रींचं लग्न झालं. नवरा जेवताना सारखा घड्याळाकडे का बघतो हे बायकोला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिने आकांडतांडव केलं नाही. मशीनचं नाव ‘थोरली’ ठेवलं. "मी धाकटी," पाहुण्यांपुढे चहा ठेवताना ती सांगे. "थोरली कामावर असते." नाव चिकटलं. स्टेशनातले साहेब बदलत गेले, पण प्रत्येक नवा साहेब आठवडाभरात ‘थोरली’ म्हणायला लागे.

डोंगरापलीकडे गॅस मोजून घेणारा एक माणूस होता. त्याला सगळे मापाडी म्हणत. रोज सकाळी तो मेस्त्रींना फोन करी, दोघं आपापल्या काट्यांवरचा दाब सांगत, आकडे जुळले की थोडं घरचं बोलत. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण मापाड्याच्या सासूची गुडघेदुखी मेस्त्रींना तोंडपाठ होती.

"काय मेस्त्री, थोरली काय म्हणते?"

"गाते आहे."

"ऐकू येतंय. आज जरा खालच्या पट्टीत आहे."

"हवा थंड आहे ना भाऊ. घसा बसतो."

अशी ही थोरली कधीही आजारी पडली नव्हती. मेस्त्रींच्या आयुष्यात अभिमान वाटावा असं तेवढंच होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

मग एका संध्याकाळी टीव्हीवरची बाई म्हणाली, की सीमेजवळच्या कॉम्प्रेसरमध्ये तांत्रिक बिघाड झाल्यामुळे शेजारी देशाचा गॅस निम्म्यावर आला आहे. मेस्त्री ताटावरून उठले ते हात न धुता, एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल घालून स्टेशनात पोचले. थोरली ठणठणीत होती. नुसती मंद चालली होती.

"मीच कमी करायला सांगितलं," साहेब म्हणाले. हे साहेब स्वभावाने गरीब होते. त्यांना राजधानीतून फोन आला की ते उभे राहून बोलत. "वरून आदेश आहे. त्यांनी आपल्या मच्छीमारांच्या होड्या धरल्यात. होड्या सोडेपर्यंत बिघाड."

"पण बिघाड कुठे आहे?"

"मेस्त्री, बिघाड राजधानीत आहे. दिसायला इथे असायला हवा."

होड्या सुटल्या, थोरली लगेच बरी झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या शाळेच्या पुस्तकात नकाशा चुकला, थोरली आजारी. त्यांच्या संसदेत आपल्याविरुद्ध मतदान झालं, थोरलीला ताप. त्यांचा एक मंत्री आपल्या मंत्र्याला विमानतळावर घ्यायला उशिरा आला, तर थोरलीने दोन दिवस अंथरूण धरलं. शेजाऱ्याची मान पिरगाळायला सरकारला एक हात हवा होता, आणि तो हात नेमका मेस्त्रींच्या ताब्यातला होता. खरं बाहेर बोलायची बंदी होती. तशी शपथच घेतलेली होती.

गावाला काय, टीव्हीवर आलं ते खरं. मेस्त्रींचा मेहुणा रंगाच्या दुकानाचा मालक होता आणि त्याच्या जिभेलाही नेहमी ताजा रंग असे.

"दाजी, परत पडली का? एखादा चांगला डॉक्टर दाखवा की."

"होईल बरी," मेस्त्री म्हणत.

"नाही, माझं म्हणणं, वय झालं असेल. तिचं म्हणतोय मी."

हेही मेस्त्रींनी गिळलं. पण मेहुण्याच्या घरचा पाण्याचा पंप वर्षानुवर्षं तेच बघत आले होते, आणि एका रविवारी ते पेटी घेऊन गेले तर मेहुणा दारातच म्हणाला, "राहू दे दाजी. दुसरा माणूस बघितलाय. तुम्हाला कामाचा ताण." मेस्त्री पेटी घेऊन परत आले. त्या दिवशी बायकोने ‘थोरली’ हा शब्द तोंडातून काढला नाही.

यानंतर पुलाचं भांडण निघालं. नदीवरचा पूल शेजाऱ्यांचा, त्यावरून जाणारे ट्रक आपले. शेजाऱ्यांनी टोल वाढवला. आपल्या सरकारने गॅस पार बंद केला. थोरली उभी राहिली, आणि टीव्हीवरच्या बाईने अत्यंत दुःखी चेहऱ्याने मोठा तांत्रिक बिघाड जाहीर केला. या वेळी शेजारी म्हणाले, दाखवा.

"तिऱ्हाईत देशाचे तज्ज्ञ येतायत," साहेब उभ्याउभ्याच म्हणाले. फोन नुकताच ठेवला होता. "मशीन बिघडलेलं दिसलं पाहिजे."

"बिघडलेलं म्हणजे कसं साहेब?"

"म्हणजे बिघडलेलं."

"मी कधी पाहिलं नाही."

मेस्त्रींनी जमेल तसं केलं. वरचं झाकण काढलं, आतले भाग सुटे करून धुतले, पुसले, तेल लावलं आणि स्वच्छ पांढऱ्या कापडावर ओळीने मांडले. रुखवत मांडावं तसं. तज्ज्ञ आले, त्यांनी चष्मे पुसून पाहिलं. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, इतका नीटनेटका बिघाड त्याने उभ्या जन्मात पाहिला नाही. बिघाड आहे असं त्यांना म्हणता येईना, नाही असंही म्हणता येईना. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली, जी दोन्ही सरकारांना एकदम पसंत पडली. बोलणी संपेपर्यंत शेडला सील. आत कुणी जायचं नाही, मशीनला बोट लावायचं नाही. दाराला तार गुंफली, तारेवर शिशाचा गोळा दाबला, आणि बाहेर खुर्ची टाकून एक पहारेकरी बसवला.

सगळे चहाला गेले. मेस्त्री तिथेच उभे राहिले. त्या शिशाच्या गोळ्यावरून त्यांची नजर हटेना.

कारण थोरली चालू असताना तिची काळजी नसते, उभी असताना जपावं लागतं. तिच्या पोटात चार म्हशींच्या वजनाचा एक शाफ्ट, म्हणजे फिरणारा जाड दांडा, असतो, फक्त दोन टोकांना टेकलेला. लांब फळीवर पुस्तकं रचली की फळी मधे बसते, तसा हा शाफ्ट एकाच अंगावर पडून राहिला की आपल्याच भाराने बाक धरतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढा. पण तेवढा पुरतो. म्हणून मशीन बंद असताना रोज टोकाला पहार लावून त्याला अर्धा फेरा द्यायचा, म्हणजे कालची खालची बाजू आज वर. आजारी माणसाची कूस बदलावी तसं.

"फक्त अर्धा फेरा," मेस्त्री साहेबांना म्हणाले. "पहारेकऱ्याला सोबत घेऊन जातो. वाटलं तर माझे खिसे तपासा."

"सील तुटलं तर ते म्हणतील आपण पुरावा बदलला. आंतरराष्ट्रीय प्रश्न होईल."

"आणि नाही फिरवला तर शाफ्ट वाकेल."

"तो आपला अंतर्गत प्रश्न," साहेब म्हणाले.

मेस्त्रींचं चित्त ठिकाणावर राहीना. हातांना फिरवायला काहीतरी हवं होतं. ते घरातल्या वस्तूंना अर्धा फेरा देत सुटले. खिडकीतल्या कुंड्या, फडताळातले डबे, भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून लटकलं तेव्हा बायकोने तारखा पाठ आहेत म्हणून सोडून दिलं. पण जेवताना त्यांनी तिचं ताट फिरवलं आणि तिची भाजी त्यांच्यासमोर आली.

"अहो, आता मला उचलून उलटी टांगा, म्हणजे झालं."

"तुला काय झालंय? तू हिंडतीफिरती आहेस. ती पडून आहे."

बायकोने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि ताट पुन्हा सरळ करून घेतलं.

एकदा भर दुपारी मेस्त्री पहार घेऊन शेडच्या दाराशी गेलेही. पहारेकरी खुर्चीत पेंगत होता. तार इतकी बारीक होती की ती तोडायला पक्कडही नको, दात पुरले असते. ते बराच वेळ तारेकडे बघत राहिले. तार तुटली असती तर सगळ्यांच्या आधी मापाडी म्हणाला असता, की मेस्त्रींनी लबाडी केली. ते पहार घेऊन परत फिरले आणि सरळ साहेबांपुढे उभे राहिले. रीतसर वर कळवा, म्हणाले, शेजाऱ्यांची परवानगी घ्या, त्यांचाच माणूस समोर उभा करा. लबाडी नको आणि चोरीही नको.

साहेबांना दया आली. त्यांनी वर कळवलं, आणि तिथेच घात झाला. कारण बोलणी करणाऱ्यांकडे बरेच दिवस बोलायला नवं काही उरलं नव्हतं.

अर्धा फेरा बोलण्यांच्या टेबलावर गेला. शेजारी म्हणाले, यांना फेरा हवाय म्हणजे यांना घाई आहे. द्या फेरा, पण आधी आमच्या सफरचंदांवरचा कर उतरवा. आपले लोक म्हणाले, फेरा हा आमचा सार्वभौम हक्क आहे, आणि एकदा हक्क म्हटल्यावर त्यांना मागे हटता येईना. मग फेरा कुठल्या दिशेने, पहार कुणाच्या देशाची, साक्षीदार उभा राहणार की बसणार, यावर समित्या नेमल्या गेल्या. शेवटी पाव फेऱ्यावर तडजोड होत आली होती, तेवढ्यात कुणाचा तरी मंत्री रागावून उठून गेला.

"पाव फेऱ्याने काय होणार?" मेस्त्री साहेबांना म्हणाले. "माणसाला एका कुशीवरून उताणं करून सोडून द्यायचं?"

"मेस्त्री, पाव मिळवायलाच आमच्या लोकांनी केवढं रान उठवलं," साहेब दुखावून म्हणाले.

हिवाळा आत शिरला. पलीकडे लोक कोट घालून झोपू लागले, इकडे पुलापाशी ट्रकांत माल कुजू लागला. मग एके दिवशी दोन्ही मंत्र्यांनी अचानक हात मिळवले. टोल कमी, गॅस सुरू. सील तुटलं. मेस्त्रींनी पांढऱ्या कापडावरचा एकेक भाग जागी बसवला, झाकण चढवलं, आणि बटण दाबायच्या आधी तिच्या हिरव्या पाठीवर हात ठेवला. सुरू करण्याचा सोहळा टीव्हीवर दिसत होता. मेहुणाही बघत होता.

थोरली फिरली. थोडा वेळ ठीक चालली. मग वेग चढला तशी तिच्या अंगात हुडहुडी भरली. खिडकीच्या काचा वाजायला लागल्या, साहेबांच्या हातातला चहा बशीत आला. मेस्त्रींनी स्वतः बटण दाबून तिला थांबवलं.

"शाफ्ट गेला," ते म्हणाले.

साहेब पांढरे पडले. "आज नाही, मेस्त्री. आज बिघडायचं नाही. आज आदेश चालवायचा आहे."

"आदेश तिला सांगा."

राजधानीने कळवलं, तांत्रिक बिघाड. नवा शब्द कुणाला सुचला नाही. शेजारच्या संसदेत म्हणे लोक पोट धरून हसले, आणि मग गंभीर झाले. सही होऊन शाई वाळली नाही तोवर यांनी पुन्हा मान धरली, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मापाड्याचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी.

"मेस्त्री, मला तरी खरं सांगा."

"खरंच बिघडलीय, भाऊ. वाकलीय आतून. तिची कूसच बदलू दिली नाही त्यांनी."

पलीकडे त्याची सासू खोकत होती.

"असू दे," मापाडी हळूच म्हणाला. "तुमच्यावर वरून दाब असेल. मी समजू शकतो. नोकरी आहे. मनाला लावून घेऊ नका."

"अहो, पण..."

"थोरलीला माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर मेस्त्रींनी परत दिल्या असत्या. समजून घेणाऱ्याला काय सांगणार? ते रिसीव्हर हातात घेऊन बसून राहिले, आणि बोटं आपोआप त्याला फिरवू लागली. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. बायकोने रिसीव्हर काढून घेतला, जागेवर ठेवला आणि पहिल्यांदाच तोंडभरून म्हणाली, "थोरली गुणाची होती हो."

शेजारच्या देशाने समुद्रावर बंदर बांधलं. आता तिथे गॅस जहाजाने येतो, महाग पडतो, पण कुणाच्या तब्येतीवर अवलंबून नसतो. पुलाचा वाढलेला टोल होता तिथेच आहे. थोरली भंगारवाल्याने वजनावर घेतली. तिला न्यायला दोन साधे ट्रक पुरले, कारण तुकडे करून नेली. मेस्त्री आता इस्पितळातली लिफ्ट बघतात. मेहुण्याचा पाण्याचा पंप अजून दुसराच माणूस बघतो.