मामा झोपले नव्हते

माझं डोकं लवकर फिरतं, हे शुक्रवार पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांचंही फिरायचं. पण ते घरातल्या घरात ओरडायचे आणि जेवायला बसायचे. मी मात्र चारचौघांत ओरडलो, आणि कुणावर ओरडलो हे आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमचा एकच ट्रक. जुना, तरी अगदी वडिलांच्या पहिल्या गाडीसारखा नाही. या गाडीच्या इंजिनाला बाजूनं ॲल्युमिनियमची एक चपटी डबी बोल्टांनी बसवलेली आहे. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, हे ती डबी ठरवते. गॅरेजवाले तिला ईसीएम म्हणतात, आम्ही कॉम्प्युटर म्हणतो. ट्रकवर ड्रायव्हर एकच, वडिलांच्या वेळेपासूनचे. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मी त्यांना लहानपणापासून मामा म्हणतो, ते मला आण्णा म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात गाडी चालता चालता बंद पडायला लागली. मामांचा फोन यायचा, "आण्णा, गाडी आपोआप बंद पडली. दिवे लागत्यात, बॅटरी हाय, पर इंजिन गप." मी मेकॅनिकला मोटारसायकलवर मागं बसवून तासाभरानं पोचावं, तर गाडी पहिल्याच चावीला चालू! मेकॅनिक माझ्याकडं बघणार, मी मामांकडं. पहिल्यांदा डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा पंप उतरवला. तिसऱ्यांदा कसला तरी सेन्सर टाकला आणि मेकॅनिक म्हणाला, "आता बघा मालक, विमान!" ते विमान चार दिवसांनी मोडनिंबला उतरलं.

पुण्याला चादरींचा माल चालला होता. पार्टी मला दर दहा मिनिटांनी फोन करत होती. भर दुपारी मी मोडनिंबला पोचलो, तेव्हा ट्रक हायवेच्या कडेला हॉटेलासमोर उभा होता, आणि इंजिन छान चालू होतं. मामा बाजेवर बसून चहा पीत होते. डोळे लालभडक. एवढ्या उन्हात तापल्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे लाल होणार नाहीत तर काय होतील? पण तेवढी अक्कल तेव्हा कुठं होती मला! तळपायाची आग मस्तकात गेली.

"झोपा काढता आणि गाडीवर ढकलता होय?" मी ओरडलो. "वय झालं तुमचं मामा. डुलकी लागली की गाडी कडेला घ्यायची आणि मला फोन लावायचा, बंद पडली म्हणून. येडा समजलात काय मला?"

हॉटेलात आठ-दहा ड्रायव्हर जेवत होते. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. मामांनी कप खाली ठेवला. "आण्णा, मी झोपलो न्हाय," एवढंच म्हणाले. मग उठले, इंजिन बंद केलं, केबिनमधून पिशवी आणि टॉवेल काढला, चावी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले. मी हाक मारली नाही. गेले तर गेले, ड्रायव्हर काय कमी आहेत, असं वर मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

नवा ड्रायव्हर ठेवला. तरणा, चुणचुणीत. तिसऱ्या खेपेला त्याचा फोन, "मालक, गाडी आपोआप बंद झाली." आपोआप! शब्दसुद्धा तोच. पण कबूल कोण करणार? दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं तू थांब, मी स्वतः जातो. होटगीकडून सिमेंट भरलं, परत निघालो आणि चढावर गाडीनं जीव सोडला. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. स्टेअरिंग दगडासारखं जड झालं, मागं एसटी हॉर्न वाजवतेय, आणि मी दोन्ही पाय ब्रेकवर देऊन घामानं निथळतोय. पंधरा मिनिटांनी इंजिन जरा निवलं, चावी फिरवली, झाली चालू. मी मात्र तसाच बसून राहिलो. आता मी कुणाला सांगणार होतो की मी झोपलो नव्हतो?

शोरूममध्ये गेलो. काउंटरवरचा टाय घातलेला पोरगा कॉम्प्युटरमध्ये बघत म्हणाला, "सर, या मॉडेलचा पार्ट बंद झालाय. नवीन गाडीचा विचार का नाही करत?" अरे बाबा, डबी मागायला आलोय तर गाडी गळ्यात मारतोस? त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी शहरातच असल्या डब्या दुरुस्त करणारे एक चाचा सापडले. त्यांनी त्याच जातीची, पण जुनी डबी कुठूनशी मिळवली. आमच्या डबीतली माहिती तिच्यात उतरवतो म्हणाले. पण आधी, बिघडलं कशानं ते बघायला, त्यांनी आमच्या डबीत जिथं वायरींचा जुडगा शिरतो ते तोंड माझ्यासमोर उघडलं.

आत सगळ्या पिना हिरव्या झालेल्या. रबराच्या खाली पांढरट पापुद्रा, त्यात लाल कण. चाचांनी नखानं खरवडलं, वास घेतला आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सेठ, इसकू नारियल का पानी पिलाए क्या तुमलोगां?"

मी पुढं वाकून बघितलं. ते लाल कण म्हणजे कुंकू होतं. बाजूला नारळाच्या शेंडीचा एक धागासुद्धा चिकटलेला होता.

दर अमावस्येला आमचा ट्रक बाहेर पडत नाही. धुवायचा, लिंबू-मिरची बदलायची, पूजा करायची. पूजा माझ्याच हातची, तिथं दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. वडील नारळाचं पाणी इंजिनावर सोडायचे. त्यांचं इंजिन म्हणजे नुसतं बिडाचं धूड, त्याला कसली भीती? ही गाडी घेताना विकणारा म्हणाला होता, "हा कॉम्प्युटर म्हणजे गाडीचा मेंदू." झालं! मग मी मेंदूला तीन बोटं विभूती ओढायचो, कुंकू लावायचो आणि नारळाचं सगळं पाणी भक्तिभावानं त्याच्याच डोक्यावर ओतायचो. वर्षानुवर्षं. पाणी आत झिरपत गेलं, पिना सडत गेल्या, आणि इंजिन तापलं की डबी अंग टाकायची.

आणि मामा? मामा एकदा म्हणाले होते. मला शब्द न् शब्द आठवतो. "आण्णा, पाणी चाकावर सोडा की. तितं वायरी हायत्या." त्यावर मी काय म्हणालो? "मामा, मला पूजा शिकवू नका. तुमी स्टेअरिंग सांभाळा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "निमग बुद्धी इल्लेन्री?" म्हणाली. खरंच चीड आली की ती माहेरच्या कन्नडमध्ये शिरते. अक्कल आहे का नाही, एवढंच विचारलं तिनं.

चाचांची डबी बसली. गाडी दोन खेपा करून आली, एकदाही बंद पडली नाही. मला मात्र अन्न गोड लागेना. आमची सडलेली डबी पिशवीत घातली आणि सांगोल्याकडं मामांच्या गावी गेलो. मामा माळावर भावाची मेंढरं राखत होते. आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, हातात काठी. चार ठिकाणी काम मागायला गेले होते म्हणे. चारही ठिकाणी एकच विचारणा, "मोडनिंबला झोपला, तो तूच न्हवं?" माझे शब्द त्यांच्या आधी पोचलेले होते सगळीकडं.

मी डबी त्यांच्या हातात दिली, झालं ते सांगितलं, पाया पडलो. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, कुंकवावर अंगठा फिरवला. मी म्हणालोच हुतो, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"मला कशाला सांगताय आण्णा?" ते म्हणाले. "मला ठावंच हुतं की. जितं बोलला, तितं सांगा."

त्याच आठवड्यात दोघं मोडनिंबला गेलो. ट्रक मामांनीच चालवला. मी हॉटेलात उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "मी माझ्या ड्रायव्हरला इथं झोपाळू म्हणालो होतो. मामा झोपले नव्हते. गाडीत दोष होता, आणि तो माझ्या हातानं झाला होता." जेवणारे माझ्याकडं बघायला लागले. एकानं विचारलं, "काय, ॲक्सिडेंट झाला का?" गल्ल्यावरचा म्हणाला, "बसा की मालक, जेवण लावू का?" मला त्यांचासुद्धा राग आला.

बाहेर आलो. मामा केबिनमधून खाली उतरलेच नव्हते.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"कुणाला?"

त्या दिवशीच्यांतलं एकही माणूस तिथं नव्हतं. हायवेवरचं हॉटेल ते, रोज नवी माणसं. त्या दिवशी जेवत होते ते माझे शब्द घेऊन कधीच आपापल्या वाटेनं गेले होते, कुणी हैदराबादला, कुणी नागपूरला. आता कुठं कुठं जाऊन परत मागू?

मामा परत आले. ट्रक आता झकास चालतो. अमावस्येला नारळाचं पाणी मी चाकावर सोडतो, आणि मामा तेव्हा मुद्दाम दुसरीकडं बघतात. पण त्यांनी नातवाकडून फोनवर व्हिडिओ कॉल करायला शिकून घेतलंय. गाडी कुठंही थांबली, पंक्चर होवो, टोलची रांग असो, नाहीतर नुसता चहा असो, माझा फोन वाजतो. उचलला की पडदाभर मामांचा चेहरा, दोन्ही डोळे ताणून उघडलेले.

"बघून घ्या आण्णा. जागा हाय."

मी शंभरदा सांगितलं, मामा, पाया पडतो, हे बंद करा. ओरडून सांगितलं, रडूनही सांगितलं. "व्हय व्हय," म्हणतात.

आज सकाळी टेंभुर्णीजवळ टायर बसला. फोन आला.