हिया म्हणजे कोण

आमच्या सुपानकडच्या बोलीला बँकॉकवाले हसतात. म्हणतात, तुम्ही बोलता की पाळण्याला झोका देता? हसू देत. आमच्या तोंडात शब्द आला की तो सरळ उभा राहत नाही, म्हशीसारखा चिखलात अंग टाकतो. त्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही. पण या बोलीपायी एकदा लामियतमावशीच्या कोंबड्यांचं बीज बुडायची वेळ आली होती, तेवढं सांगायला हवं.

लामियतमावशी आमच्या कालव्याच्या वळणावर राहते. खांबांवरचं लाकडी घर, मागं केळीची बेटं, पुढं पाण्यात उतरणारा फळ्यांचा धक्का. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. लेक बँकॉककडं कारखान्यात आहे. ती आली की म्हणते, "आई, जाळीचा पिंजरा कर, कोंबड्या आत घाल, म्हणजे तुझ्या डोक्याचा ताप जाईल."

मावशी म्हणते, "पिंजऱ्यातली कोंबडी म्हंजे अंडं घालणारी भाजी. मला कोंबडी पायजे."

तिच्या कोंबड्या आईकडच्या. अंगानं काळ्या, पायानं पिवळ्या, शिडशिडीत. लग्नानंतर नावेत बसून सासरी आली तेव्हा मांडीवर कपड्यांचं गाठोडं नव्हतं, कोंबडी होती, असं जुनी माणसं सांगतात. दिवस उजाडला की त्या झाडावरून उतरायच्या आणि बांधावर, केळीत, शेजारच्या भाताच्या खाचरात दिवसभर उकरत हिंडायच्या.

मोकळ्या कोंबडीवर सगळ्यांचाच डोळा. त्याचं मावशीला काही वाटायचं नाही. कोण कसा येतो ते तिला पाठ होतं. कोंबड्या झोपायच्या त्या आंब्याच्या बुंध्याला तिनं गुळगुळीत पत्रा गुंडाळला होता. उदमांजर नखं रुतवायला बघायचं आणि घसरून खाली यायचं. घराच्या खांबांभोवती मासे धरायचं फाटकं जाळं सोडलेलं, त्यात एकदा अजगर असा गुरफटला की सोडवता सोडवता गावच्या मुखियाचा अर्धा दिवस गेला. घारीपासून लपायला केळीची बेटं. कोंबड्यानं गळा काढला की सगळ्या पानांखाली. एवढं करूनही एखादी जायची. मावशी शिवी द्यायची आणि कामाला लागायची.

तिचं काही चाललं नाही ते घोरपडीपुढं. कालव्यातली घोरपड ही, माणसाएवढी लांब, पोहणारी. उन्हं अंगावर घेऊन दिवसाढवळ्या येते, म्हणजे कोंबड्या मोकळ्या असतात नेमकी तेव्हाच. मारायची सोय नाही, कायदा आहे. बांबूच्या डालग्याखाली झाकावं तर ते उलटवायला तिला शेपटीचा एक तडाखा पुरे.

आता तिच्या नावाचं सांगतो. आमच्या थाई भाषेत घोरपडीला हिया म्हणतात, आणि माणसाला हिया म्हटलं तर त्याच्याइतकी घाण शिवी नाही. म्हणून चारचौघांत कुणी ते नाव घेत नाही. घोरपड अंगणात आली की लोक हात जोडून म्हणतात, "आली गं बाई चांदीसोनं." मावशी एकटी तसं म्हणायची नाही. "माझी पिल्लं खाती ती चांदीसोनं?" असं विचारायची.

आणि दुसरा हिया म्हणजे पलीकडच्या काठाचा चालेम. त्याचा आजा चीनमधून आलेला. अशा घरातल्या थोरल्या भावाला मान देऊन हिया म्हणतात, म्हणून तो सगळ्या कालव्याचा हिया. अक्षरं तीच. सूर सपाट धरला तर थोरला भाऊ, खाली घसरला तर घोरपड. बँकॉकवाल्याला त्यात अवघड काही नाही. आमचा तर प्रत्येक सूर घसरतो.

चालेम मरळ माशांना मीठ लावून सुकवायचा. आतडी उरायची, ती तो धक्क्यावरून पाण्यात टाकायचा, आणि तिथं ही घोरपड राहायला आल्यासारखी यायची. एकदा ती त्याच्या ओसरीवर चढली आणि त्याच आठवड्यात त्याला लॉटरी लागली. तेव्हापासून तो तिला आतडी हातानं घालू लागला.

मावशी पाण्यापलीकडून ओरडायची, "तुमच्या लाडकीला आवरा की! तुम्ही खाऊ घालताय म्हणून ही माजलीय. बंद करा ते!"

"लक्ष्मी हाय ती, लामियत."

"मग घरात घ्या. मुईवयनीच्या शेजारी निजवा."

मुई म्हणजे चालेमची बायको. ती आतून म्हणायची, "माझ्या शेजारी एक हाय तेवढी बास झाली."

असं चाललं होतं. मग मानमोडी आली. कालव्यावरच्या कोंबड्या माना टाकून पटापट मेल्या. मावशीकडं एक काळी कोंबडी राहिली आणि एक कोंबडा. ती कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली, पिल्लं निघाली. ती कोंबडी आणि ती पिल्लं गेली की आईकडची जात संपली, दुसरीकडं कुठं ती शिल्लक नव्हती. मावशी घरातून डोकं बाहेर काढून दर घटकेला पिल्लं बघायची.

एका सकाळी ती बघते तर घोरपड धक्क्याखालून वर येतेय, जीभ लपलपत, आणि कोंबडी पिल्लं घेऊन चार हातांवर. मावशी झाडू घेऊन धावली आणि सगळ्या कालव्याला ऐकू जाईल असं ओरडली, "निघ, हिया! खाऊन खाऊन पोट सुटलं तरी हाव जाईना! माझ्या दारात पाय ठेवशील तर टाळकं फोडीन!"

घोरपड पाण्यात गेली. आणि धक्क्याच्या आडोशाला लव्हाळ्यातून चालेमच्या होडीचं टोक दिसलं. तो मावशीला सुका मासा द्यायला येत होता. पोट तर त्याचं सुटलेलंच होतं. त्यानं घोरपड पाहिली नव्हती. तो होडी फिरवून निघून गेला. मासाही परत नेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं आतडी पाण्यात टाकणं बंद केलं. मत्स्यपालनवाल्याचा टेंपो यायचा, त्यात भरून द्यायचा. मुईनं कारण विचारलं तर म्हणाला, "लामियतला तेच पायजे हुतं न्हवं? तिचंच ऐकलं."

मावशीला आधी बरं वाटलं. पण घोरपडीचं पोट काही बंद झालं नव्हतं. पलीकडं मिळेना तेव्हा ती सरळ अलीकडं येऊ लागली. रोज. पहिल्याच फेऱ्यांत दोन पिल्लं गेली. कोंबडा आडवा आला त्याची शेपटी गेली. मावशीनं कोंबडी डालग्याखाली झाकून त्यावर पाटा ठेवला, पण डालग्याखाली पिल्लं उकरणार काय? तिथं ती मरगळायला लागली. सोडली तर घोरपड, झाकली तर उपास.

शेवटी मुखिया प्रोम आला. तो दोन्हीकडं चहा पिऊन आलेला, त्याला सगळं माहीत होतं.

"मावशी, सोपं हाय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणा, मी हियालाच हाक मारली, भाऊ म्हणून. सूर घसरला. आपल्याकडं घसरतोच."

"अन् टाळकं फोडीन ते? ते भावाला म्हणाले व्हय मी?"

मुखियानं दुसरी वाट काढली. "मग त्याच्या धक्क्यावर जाऊन चार माणसांत एकदा नीट हिया म्हणा. सपाट. त्याला एवढंच पायजे."

मावशीनं सराव केला. आम्ही नावेतून जाता येता ऐकत होतो. डालग्यापुढं बसून ती म्हणायची, "हिया. हिया." कोंबडी आतून मान वाकडी करून बघायची. जवळ गेलं की कळायचं, दरवेळी घोरपडच होतेय.

ठरल्या दिवशी ती पलीकडं गेली. चालेम ओसरीत मांडी घालून बसलेला, मुई मासे चिरत होती, मुखिया होता, काठावर आम्ही रिकामटेकडे.

मावशीनं हात जोडले. घसा खाकरला. "हिया," ती म्हणाली.

सूर घसरला. कुणीतरी खोकलं.

"परत म्हणा मावशी, दमानं," मुखिया म्हणाला.

"हियाऽऽ."

हे पहिल्यापेक्षा वाईट झालं. मुईच्या हातातली मरळ निसटली आणि ती खारट हातच तोंडावर धरून हसली. चालेमचे कान लाल झाले.

"बास," मावशी म्हणाली. "माझी कोंबडी डालग्याखाली उपाशी अन् मी हितं गाणं शिकतेय. चालेमदादा, माझ्या आईची जीभ अशीच हुती, माझी अशीच राहणार. पण तुम्हीच सांगा, मला तुम्हाला शिवी द्यायची असती तर मी घोरपडीकडं तोंड करून दिली असती?"

चालेमनं जरा विचार केला. मावशीनं आजवर कुणाकुणाला समोर उभं राहून काय काय सुनावलंय, ते कालव्यावर सगळ्यांना ठाऊक. त्यातलं निम्मं त्यालाच.

"न्हाई," तो म्हणाला. "तोंडावर दिली असतीस."

"मग?"

"मग काय? आतडी बंद कर म्हणून तूच बोंबलत हुतीस."

"बोंबलत हुते. चुकलं माझं. आता घाला."

"मी न्हाई घालणार. माझी कंबर धरलीय, धक्क्यावर वाकायला जमत न्हाई. मुईला किळस येती."

"मी घालते," मावशी म्हणाली. "पण हितं न्हाई. खाली बंधाऱ्याच्या दारापाशी, दोन्ही घरांपासनं लांब. अन् टेंपोवाल्याला सांगा, उद्यापास्नं अर्धंच मिळंल."

चालेमनं हातानंच हो म्हटलं. मुईनं बादली पुढं सरकवली. त्यात आतड्यांवर तिनं सुक्या माशाचं पुडकं ठेवलं होतं, पानात बांधून.

तेव्हापासून उन्हं तापायच्या आधी मावशी होडी काढून बंधाऱ्याला जायची. पहिले काही दिवस घोरपड तिकडं फिरकली नाही, जुन्या वाटेनंच आली आणि मावशीला मधूनच परत वल्हं मारत यावं लागलं. मग घोरपडीला वास कळला. बंधाऱ्याच्या काँक्रीटवर आतडी खायची आणि तिथंच पोट टेकून उन्हात पडायची. ती पडली की मावशी घरी येऊन डालगं उचलायची. पिल्लं आईमागं केळीत शिरायची आणि पोटभर उकरायची.

एक घारीनं नेलं. त्याबद्दल मावशी चालेमशी भांडली नाही.

उरलेली वाढली. त्यातल्या तलंगा पावसाळा सरता सरता अंडी घालू लागल्या, काळ्याच सगळ्या, पिवळ्या पायांच्या. मावशीनं पहिली अंडी खाल्ली नाहीत, विकली नाहीत. भाताच्या तुसात ठेवून दिली, कोण आधी खुडूक बसते त्याची वाट बघत.