चामडं आत चालत नाही

पखवाजाला लावलेल्या ओल्या कणकेचा वास आला की गुलमंडीजवळचं ते देऊळ आठवतं. ऐन उन्हाळ्यातला सप्ताह होता आणि माझ्या पोलिओच्या पायाला चामडी पट्ट्यांचा कॅलिपर. दारातच देवळाचे विश्वस्त काका म्हणाले, "पोरी, चामडं आत नाय चालत. इथंच बस अन् चपला सांभाळ." आत पखवाज घुमत होता, त्याची दोन्ही तोंडं चामड्याचीच. मी काकांच्या नव्याकोऱ्या चामडी चपला उचलल्या आणि समोरच्या नाल्यात भिरकावल्या. दुपारी ते शोधू लागले तेव्हा मी म्हटलं, "काका, चामडं होतं. देवाच्या दारात कसं ठेवू?" तापलेल्या डांबरावरून ते उड्या मारत घरी गेले. आजही पखवाज वाजला की ते पोळलेले पाय आठवतात अन् भजन मला लई गोड लागतं.