कुलूपबंद घरांतला दिवा

मे महिन्यातला मंगळवार. हजर: जनगणनेच्या कामावर आलेली मी, गावचे पोलीस पाटील आणि किल्ल्यांचा जुडगा घेतलेले एक आजोबा.

वाडीतली बहुतेक घरं मुंबईकरांची, कुलूपबंद. मी दारांवर क्रमांक घालत होते. आजोबा पुढे होऊन प्रत्येक चौकटीवरची धूळ पंच्याने पुसून देत होते.

"बंद लिवू नकात, बाईनू. गणपतीच्या चवथीक माणसां येतत. तवसर सांजेक दिवो मी लायतंय."

"कोणाक रे आबा? उंदरांक?" पाटील हसले.

"उंदीर तरी खंय रवले?"

नियमाप्रमाणे मी 'बंद' असंच लिहिलं. तरी आजोबा फाट्यापर्यंत सोडायला आले.

बसमध्ये लक्षात आलं, सगळ्यांची घरं दाखवताना त्यांनी स्वतःचं दाखवलंच नव्हतं. ते घर मोजायचं राहिलं आहे.